तिसऱ्या मजल्यावरची जमीन

"माईक चावतो," असं मी बायकोला सांगितलं तेव्हा तिने पोह्यांचा झारा तसाच हातात धरून माझ्याकडे जे बघितलं, तसं लग्नाला वीस वर्षं झालेली बाईच बघू शकते. पण खरंच चावत होता हो. २०१९ चा मे महिना, रविवारची सकाळ, चाळीस मीटरच्या बँडवर, म्हणजे तेवढ्या लांबीच्या रेडिओ लहरींच्या पट्ट्यात, कोल्हापूरचं एक स्टेशन खणखणीत येत होतं, मी बटण दाबून "गुड मॉर्निंग ओल्ड मॅन" म्हणायला तोंड माईकजवळ नेलं आणि खालच्या ओठाला चटका बसला. चहाने भाजतं तसा नाही, लाल मुंगी डसते तसा, एकाच ठिपक्यावर. बटण सोडलं की गायब, दाबलं की परत. आणि तिकडून कोल्हापूरकर विचारतायत, आवाज फाटतोय तुमचा, सर्दी झालीय का?

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी हॅम आहे, म्हणजे हौशी रेडिओवाला. सरकारची परीक्षा द्यायची, लायसन मिळतं, व्हीयू ने सुरू होणारा कॉलसाईन, म्हणजे हवेतलं आपलं नाव, मिळतो, आणि मग तुम्ही घरात ट्रान्समीटर लावून जगाशी गप्पा मारू शकता. इंटरनेट नाही, टॉवर नाही, मध्ये कोणी कंपनी नाही. एक डबा, एक तार आणि आकाश. "मग व्हॉट्सॲप काय वाईट आहे?" हा प्रश्न मला आजवर इतक्या वेळा विचारला गेलाय की मी उत्तर देणं सोडून दिलंय.

डबा विकत मिळतो. आकाश फुकट आहे. सगळी मारामारी तारेची, आणि तारेपेक्षा जास्त तिच्या खालच्या टोकाची, म्हणजे अर्थिंगची. पुस्तकात अँटेनाची चित्रं बघा, एक उंच खांब, त्याला तार, आणि खाली तीन आडव्या रेघा, एकीपेक्षा एक आखूड. त्या तीन रेघा म्हणजे जमीन. काढायला दोन सेकंद लागतात. मुंबईत गोरेगावला तिसऱ्या मजल्यावर सव्वापाचशे स्क्वेअर फुटात राहणाऱ्या माणसाने त्या तीन रेघा कुठून आणायच्या हे कुठल्याही पुस्तकात नाही.

मार्कोनीने १८९५ साली इटलीत वडिलांच्या इस्टेटीवर प्रयोग करताना यंत्राचं एक टोक उंच तारेला आणि दुसरं जमिनीत पुरलं, आणि तोवर जेमतेम काहीशे मीटर जाणारा सिग्नल टेकडी ओलांडून मैल-दीड मैल गेला. हे वाचून मला नेहमी वाटतं, बाबा रे, तुझ्याकडे इस्टेट होती.

तर आधी माझी तार कशी लागली ते सांगतो. चाळीस मीटरच्या बँडसाठी डायपोल करायचा तर हिशोब सोपा आहे, १४३ ला मेगाहर्ट्झने भागा. ७.१ ने भागलं की साधारण वीस मीटर येतं. वीस मीटर सरळ तार, मधोमध कापून तिथे केबल जोडायची. आमची गच्ची चौदा मीटर. त्यातही मध्ये पाण्याची टाकी, दोन सोलर हीटर आणि सेक्रेटरींच्या मिसेसच्या तुळशीच्या सतरा कुंड्या. इन्व्हर्टेड व्ही करून बघायचा विचार होता, म्हणजे मध्ये उंच खांब आणि दोन्ही हात उतरते, पण कमिटीच्या मीटिंगमध्ये "खांब" हा शब्द उच्चारल्याबरोबर कुणीतरी "टॉवर" म्हणालं, टॉवर म्हटल्यावर कुणीतरी "रेडिएशन" म्हणालं, आणि पुढची चाळीस मिनिटं मी गप्प बसून होतो. माझा रेडिओ चाळीस वॅटवर चालतो, तुमच्या सगळ्यांच्या ओट्यावरचा मायक्रोवेव्ह आठशे वॅटचा आहे, हे सांगून काही उपयोग झाला नाही. शेवटी "बारीक वायर, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी, दिसणारसुद्धा नाही" या शब्दांवर परवानगी मिळाली. हेच शब्द पुढे माझ्यावर उलटले, सांगतो.

मग खिडकीतूनच तार सोडली. त्रेपन्न फूट, म्हणजे सोळा मीटर आणि थोडी. हा आकडा उगाच नाही, वापरायच्या बँडच्या अर्ध्या लांबीच्या पटीत तार बसली की खिडकीपाशी इतकं व्होल्टेज चढतं की ट्यूनर, म्हणजे रेडिओ आणि तार यांचं जुळवून देणारा डबा, हात वर करतो, म्हणून त्या पटी टाळायच्या. लोहार चाळीतून दीड स्क्वेअर एमएमची वायर, लॅमिंग्टन रोडवरून कनेक्टर, चोरबाजारात एका टोपलीत धूळ खात पडलेले चिनी मातीचे अंड्याएवढे इन्सुलेटर, सहा हवे होते, त्याने बारा घ्यायला लावले. गच्चीवर टीव्हीच्या जुन्या अँटेनाचा एक पाईप अजून उभा होता, दूरदर्शनच्या काळातला, ॲल्युमिनियमच्या काड्या कधीच गळून गेलेल्या, त्यावर फक्त कावळे बसायचे. त्यालाच वरचं टोक बांधलं. दोर बांधायला खालून टेनिस बॉलला सुतळी बांधून फेकला, पहिला चेंडू शेजारच्या सोसायटीत, दुसरा गुलमोहरात, तिसरा बरोबर गच्चीच्या कठड्यावरून आत. वॉचमनने टाळ्या वाजवल्या.

एका टोकाने पोसलेल्या अशा तारेला दुसरी बाजू लागते. विजेला तारेत जितकं ढकलतो तितकं दुसरीकडून ओढून घ्यावं लागतं, ती दुसरी बाजू म्हणजे ग्राउंड. मी ट्यूनरची ग्राउंडची वायर मोरीतल्या पाण्याच्या पाईपला क्लॅम्प लावून जोडली.

हे मी कुठून शिकलो? घरून. आम्ही मूळचे गिरगावातले, चाळीतले. वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ होता, पोस्टात जाऊन लायसनचे पैसे भरायचे तेव्हाचा, आणि भिंतीच्या वर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी ताणलेली. ती एरियल. रेडिओच्या मागून दुसरी एक हिरवी वायर निघायची ती मोरीतल्या नळाला गुंडाळलेली. आई नळाखाली हंडा लावताना ती वायर हलली की स्टेशन खरखरायचं आणि वडील आतून ओरडायचे, "अगं अर्थ सुटला!" मला कित्येक वर्षं वाटायचं की हे काहीतरी तत्त्वज्ञान आहे.

त्याच गिरगाव-चौपाटीच्या भागात १९४२ साली चले जाव चळवळीतला गुप्त काँग्रेस रेडिओ चालला होता. तो चालवणाऱ्या उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या. २७ ऑगस्टला सुरू झाला, जागा बदलत बदलत १२ नोव्हेंबरला पोलिसांनी पकडेपर्यंत चालला. ४२.३४ मीटरवर. हा आकडा मी एकदा असाच बसल्या बसल्या मेगाहर्ट्झमध्ये काढला तर ७.०८ आला, म्हणजे आपला चाळीस मीटरचाच बँड! आज आम्ही जिथे "हवामान कसंय तिकडे" करत बसतो तिथे. तेव्हापासून कधीकधी रात्री डायल ७.०८ वर आणून नुसता ठेवतो. काही ऐकू येतं असं नाही, चार्जरचा खर्र येतो. पण एक ट्रान्समीटर, एक तार, मागावर पोलीस, आणि दर थोड्या दिवसांनी सगळं उचलून नव्या जागी पुन्हा उभं करायचं, हे तार लावणाऱ्या माणसालाच कळेल की काय दिव्य असेल. मला एकाच जागी तार लावताना नाकी नऊ आले होते.

असो. पाईपचं अर्थिंग सहा वर्षं बिनबोभाट चाललं. मग २०१९ च्या उन्हाळ्यात सोसायटीने रिपेअरिंग काढलं, बाहेरचं प्लास्टर, रंग आणि सगळे जुने गंजके जीआय पाईप काढून प्लास्टिकचे. पाणी छान यायला लागलं. आणि दोन आठवड्यांनी माईक चावला. मोरीत जाऊन बघतो तर माझा क्लॅम्प प्लंबरने किती प्रेमाने नव्या पांढऱ्या पाईपवर परत बसवून ठेवलेला! प्लास्टिकच्या पाईपला अर्थिंग. वर टेफलॉन टेपसुद्धा गुंडाळली होती.

साहजिकच पहिला विचार आला की इलेक्ट्रिकच्या बोर्डातलं अर्थिंग वापरू, तीन पिनमधली ती वरची जाडी पिन. टेस्टर घेऊन रेडिओच्या कॅबिनेटला लावला तर टेस्टर पेटला. मंद, नारिंगी. हात लावला तर झिणझिण्या. वायरमनला बोलावलं, त्याने बोर्ड खोलला, जाड्या पिनेच्या मागे हिरवी वायर होती, ती भिंतीत चार इंच जाऊन संपत होती. कशालाच जोडलेली नाही. बिल्डिंग झाल्यापासून नव्हती बहुतेक. अशा वेळी पॉवर सप्लायच्या आतल्या फिल्टरमुळे डब्यावर साधारण निम्मे व्होल्ट, म्हणजे शंभर-सव्वाशे, तरंगत राहतात, करंट अगदीच किरकोळ असतो म्हणून माणूस मरत नाही, फक्त दचकतो. वायरमन म्हणाला, "साहेब टेन्शन नका घेऊ, न्यूट्रलवरून लूप मारून देतो, दोन मिनिटांचं काम." हे वाक्य तुमच्या घरात कोणी म्हटलं तर त्याला चहा पाजा आणि पाठवून द्या. न्यूट्रल बाहेर कुठे तुटली तर त्या लूपमुळे फ्रिजपासून गिझरपर्यंत प्रत्येक डब्यावर पूर्ण दोनशे तीस व्होल्ट येतात. मी मीटर रूममधून नवी अर्थची वायर ओढून घेतली आणि तीस मिलीअँपचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाईन तोडणारा स्विच, बसवला. झिणझिण्या गेल्या. टेस्टर विझला.

माईक चावतच राहिला.

मग मी ठरवलं की आता स्वतःचं अर्थिंग. पाईप नको, बोर्ड नको, खरी जमीन. कंपाउंडच्या मागच्या बाजूला, माझ्या खिडकीच्या बरोबर खाली तगरीच्या झाडाशेजारी दीड फुटाची मोकळी पट्टी आहे, तिथे खड्डा. आपल्याकडची पद्धत ठरलेली आहे, भोकं पाडलेला जीआय पाईप उभा पुरायचा, भोवती कोळसा आणि मीठ थराथराने, वर पाणी. मीठ आणि पाण्याने जमीन वीज वाहून नेते, कोळसा ओल धरून ठेवतो. कोळसा कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने दिला, एक गोण. मीठ वाण्याकडे, दहा किलो जाडं मीठ मागितल्यावर तो म्हणाला, यंदा कैऱ्या बऱ्याच आल्या वाटतं गावाकडून.

खणायला मी आणि वॉचमन. वरचे दोन फूट डेब्रिज निघालं, विटांचे तुकडे, टाईल्स, एक चप्पल, कोणाची तरी स्टीलची वाटी. त्याखाली फूटभर मुरूम. आणि मग खण्ण. काळा पत्थर. या शहराच्या पोटात सगळीकडे बसलेला तो. पहारीतून ठिणग्या निघायला लागल्या तेव्हा वॉचमन म्हणाला, साब, इसके नीचे कुछ नहीं है. मग दोन मीटरचा पाईप कापून एक मीटर केला आणि तिरका पुरला. हे सगळं करेपर्यंत संध्याकाळ झाली, आणि नेमकी त्या दिवशी अमावस्या होती हे मला कुठून माहीत असणार. तिसऱ्या मजल्यावरच्या, म्हणजे आमच्या समोरच्याच काकू देवळातून येत होत्या. त्यांना दिसलं काय, तर तिन्हीसांजेला झाडाखाली खड्डा, त्यात कोळसे, वरून मी मूठमूठ मीठ टाकतोय आणि वॉचमन टॉर्च धरून उभा. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आमच्या दारावर लिंबू-मिरची लटकलेली होती. त्यांनी संरक्षणासाठी बांधली की आमच्यापासून स्वतःच्या, हे अजून कळलेलं नाही.

खड्ड्यातून जाड तांब्याची वायर सरळ वर खिडकीपर्यंत आणली. दहा मीटर भरली. मीटर लावून बघितलं, वायरीचा रेझिस्टन्स ओहमच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. एवढी सुंदर जोडणी माझ्या आयुष्यात मी केली नव्हती. रेडिओ चालू केला, बटण दाबलं, आणि या वेळी माईक चावला तो इतका कडकडून की हातातून पडला, कॉम्प्युटरचा माऊस आपोआप स्क्रीनवर फिरायला लागला, टेबलावरच्या स्पीकरमधून माझाच आवाज पण नरड्यात बोळा कोंबल्यासारखा.

दोन दिवस घरात कोणाशी नीट बोललो नाही.

डोंबिवलीला एक जुने हॅम आहेत, आता ऐंशीच्या पुढचे, आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो, मोर्स, म्हणजे कट्ट-कडकट्टची भाषा, शिकलेली आमची अर्धी पिढी त्यांच्या हाताखालून गेलीय. त्यांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कोळसा, मीठ, पत्थर, आणि मग एकच प्रश्न विचारला. "वायर किती लांब?" दहा मीटर. "आणि बोलताय कुठल्या बँडवर?" चाळीस. तिकडून हसल्याचा आवाज. "अहो चाळीसचा चौथा हिस्सा किती? दहाच ना? एक दोरी घ्या, खिडकीच्या गजाला बांधा, दुसरं टोक हातात धरून हलवत मागे मागे या. गजापाशी दोरी ढिम्म हलत नाही. पण अमुक अंतरावर आलं की हातभर झुलते. गज म्हणजे तुमचा खड्डा. झुलते तिथे तुमचा माईक."

मी फोन ठेवून खरंच दोरी बांधून बघितली. खिडकीच्या ग्रिलला, नाडीची दोरी. बायको दारातून बघून गेली.

एवढ्याशा गोष्टीला मला सात वर्षं लागली, आणि सगळा घोळ एका शब्दाने केला. अर्थिंग. आपण तीन वेगळ्या कामांना एकच नाव दिलंय. एक काम, पन्नास हर्ट्झची घरातली वीज डब्यावर उतरली तर तिला वाट देणं, ते बोर्डातली हिरवी वायर करते आणि तिला दहा मीटर काय, शंभर मीटर काय, फरक पडत नाही. दुसरं काम आकाशातल्या विजेचं. आणि तिसरं, रेडिओच्या लहरींना पाय टेकायला जागा देणं. या तिसऱ्या कामाला मीटरवरचा रेझिस्टन्स कळत नाही, त्याला फक्त लांबी कळते. पन्नास हर्ट्झला जी वायर म्हणजे जमीन, तीच सात मेगाहर्ट्झला जमिनीपासून जास्तीत जास्त तुटलेली जागा. मी तांब्याच्या वायरीने रेडिओ जमिनीला बांधला नव्हता, दहा मीटरची दुसरी अँटेना लावून तिचं तापलेलं टोक हातात धरून बसलो होतो. जुना पाईप चालत होता तो जमिनीत गेला म्हणून नाही. वर-खाली, चार मजले, प्रत्येक मोरीत, प्रत्येक किचनमध्ये फुटलेलं लोखंडाचं एक जाळंच होतं ते, लहरींना तेवढं पुरेसं होतं. सगळ्या बिल्डिंगचे नळ माझ्यासोबत बोलत होते म्हणा.

उपाय सरांनी एका वाक्यात सांगितला. "जमीन खाली शोधू नका, खोलीत अंथरा." काउंटरपॉईज म्हणतात याला. पुन्हा दहाच मीटरची तार, पण या वेळी दूरचं टोक कशालाही न जोडता मोकळं सोडायचं. टोक मोकळं असलं की खेळ उलटा होतो, झुलायचं ते तिकडचं टोक झुलतं आणि रेडिओपाशी सगळं शांत. चाळीससाठी दहा मीटर, वीससाठी पाच, पंधरासाठी साडेतीन. साधी वायर, नव्वद रुपयांची.

त्याआधी मी एक शहाणपणा केला. आपल्याकडे खिडकीला बाहेर आलेली बॉक्स ग्रिल असते, कुंड्या, बादल्या, जुनी सायकल ठेवायची, म्हटलं एवढं लोखंड आहे तर तेच वापरू. चालली, मस्त चालली, तीन दिवस. चौथ्या दिवशी काकू आल्या. "अरे, आमच्या टीव्हीत बदक ओरडतंय रे." त्यांची सिरियल चालू, सासू सुनेला काहीतरी सुनावतेय आणि मध्येच क्वॅक क्वॅक. ते बदक मी. सिंगल साईडबँड, म्हणजे आम्ही आवाज पाठवायची जी पद्धत वापरतो, तिचा आवाज दुसऱ्या यंत्रात घुसला की शब्द कळत नाहीत, असाच ऐकू येतो. ग्रिलचे गंजलेले जोड हे त्यामागचं कारण, गंज लागलेला सांधा जुन्या रेडिओतल्या लहरी पकडणाऱ्या खड्यासारखा, म्हणजे क्रिस्टल डिटेक्टरसारखा वागतो, लहरी गिळतो आणि भलत्याच फ्रिक्वेन्सीवर ओकतो. ग्रिल सोडली. आता दहा मीटरची तार स्कर्टिंगच्या कडेने जाते, कपाटामागून बेडखाली, तिथे दोन वळसे आणि टोकाला इन्सुलेशन टेप, वर प्लास्टिकची बाटली कापून टोपी. त्या टोकाला बोलताना हात लावायचा नाही, सगळं व्होल्टेज तिकडे असतं. झाडू मारायला येणाऱ्या ताईंना हे समजावताना मी "देवाचा दोरा" असं काहीतरी बोलून गेलो होतो, त्या अजून त्याला वळसा घालून पुसतात.

माईक चावायचा थांबला. कोल्हापूरकर म्हणाले, सर्दी बरी झाली वाटतं.

गच्चीवरच्या तारेचं मात्र सुख नाही. एकदा सकाळी एसडब्ल्यूआर, म्हणजे तारेकडून किती पॉवर परत येते त्याचं माप, एकदम तीनच्या वर, म्हणजे पाठवलेल्यातली पाव पॉवर परत येतेय, काही केल्या ट्यून होईना. केबल बघितली, कनेक्टर बघितले, शेवटी वर गेलो. माझ्या त्रेपन्न फुटांवर चिमटे लावून एक नऊवारी, दोन परकर आणि पंचा. ओले, ठिबकणारे. काकू शांतपणे म्हणाल्या, तूच मीटिंगमध्ये म्हणाला होतास ना, दोरीसारखी आहे. मी ट्रान्समिट करत असताना त्यांचा हात लागला असता तर काय झालं असतं याने मलाच घाम फुटला. त्याच दिवशी शेजारी खरी नायलॉनची दोरी बांधून दिली आणि माझी तार सात फुटांच्या वर उचलली. मग कावळ्यांचा नंबर. मुंबईचे कावळे घरट्याला काड्यांपेक्षा वायरी जास्त वापरतात, त्यांनी माझ्या बांधणीच्या तांब्याच्या तारा उकलून नेल्या. गुलमोहरात कुठेतरी एक कुटुंब माझ्या खर्चाने राहतंय.

आणि वीज, आकाशातली. तो खड्डा आता त्या कामाला आहे, म्हणजे तारेवर साचणारा चार्ज उतरवायला. पावसाचे थेंबसुद्धा चार्ज घेऊन तारेवर पडतात, जूनच्या पहिल्या वादळात केबल काढून हातात धरली तर टोकातून टिक टिक निळ्या ठिणग्या. खड्ड्याचा पाईप बिल्डिंगच्या मुख्य अर्थिंगलाही जाड पट्टीने जोडून घेतलाय, दोन अर्थिंग वेगवेगळी ठेवली तर वीज पडताना दोघांमध्ये हजारो व्होल्टचा फरक पडू शकतो आणि तो नेमका तुमच्या टेबलावर भरून निघतो. पण थेट वीज पडली तर माझा मीटरभर तिरका पाईप काही करणार नाही, हे मला नीट माहीत आहे. म्हणून ढग गडगडले की केबल रेडिओपासून सोडवून खिडकीबाहेर, तिचं टोक लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत. जुन्या लोकांची पद्धत. बरणी वीज अडवते असं मला वाटत नाही. पण बरणीत टोक ठेवलं की आपण ते काढून ठेवलंय हे रात्री झोपेतून उठून बघता येतं.

१२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ मुंबईत ज्यांनी काढली त्यांना आठवत असेल, दहाच्या सुमारास सगळ्या शहराची लाईट गेली. लोकल जागच्या जागी उभ्या. लॉकडाऊनचे दिवस, मी घरून काम करत होतो, मीटिंगमध्ये माझं वाक्य अर्धं राहिलं आणि वायफाय गेलं. पाच मिनिटं पंख्याकडे बघत बसलो. मग बारा व्होल्टची बॅटरी काढली, रेडिओला लावली.

आधी वाटलं रेडिओ बिघडला. कारण आवाजच नव्हता. एरवी माझ्याकडे बँडवर कायम एस-नऊ, म्हणजे सिग्नलच्या मीटरवर नऊ दाखवणारा खर्र असतो, सगळ्यांचे चार्जर, एलईडी बल्ब, सेट टॉप बॉक्स, समोरच्या टॉवरची लिफ्ट. मीटरचा काटा तिथेच डोकं टेकून झोपलेला असतो. त्या दिवशी काटा एकवर. सगळं शहर एकदम गप्प, आणि त्या शांततेत खालून एकेक आवाज वर येत होते, जसा भरतीचं पाणी ओसरल्यावर खडक दिसतो. हुबळीचं कोणीतरी हळू आवाजात बोलत होतं. कुठून तरी मोर्स, बारीक, दूरची, टाचणीएवढी. मी डायल फिरवत होतो आणि प्रत्येक ठिकाणी माणूस होता. हे सगळे इतकी वर्षं रोज इथेच होते.

दार वाजलं. काकू, तोंडाला मास्क, हातात हातपंखा. आत न येता उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या, "खरं सांग हं. तुझ्या त्या खड्ड्यामुळे नाही ना गेली?"

"काकू, पूर्ण मुंबईची गेलीय."

"तेच म्हणते मी."

मग त्या पॅसेजमध्ये स्टूल टाकून बसल्या. आत नाशिकचं एक स्टेशन आलं, स्पष्ट मराठी, घरात कोणी बोलावं तसं. काकूंनी पंखा थांबवला. "हा नाशकातून बोलतोय? आत्ता? लाईट नसताना?" मी म्हटलं हो, त्यांच्याकडे आहे लाईट. थोडा वेळ ऐकून म्हणाल्या, "विचार की मग त्याला, तिकडे कांदा काय भाव चाललाय. इथे लुटतायत नुसते." मी सांगितलं की असल्या चौकशा करायला लायसन दिलेलं नाही सरकारने. त्यांचा चेहरा बघून बटण दाबलं आणि म्हटलं, ओल्ड मॅन, आमच्या शेजारच्या काकू इथे ऐकतायत, त्यांना तुमच्याकडच्या कांद्याची काळजी लागलीय. तिकडे नाशिककर खो खो हसले, म्हणाले काकूंना नमस्कार सांगा, कांद्याचं काय आहे, आज सकाळीच आमच्या इथे

आणि किचनमध्ये फ्रिज धडधडला, डोक्यावर पंखा फिरायला लागला, समोरच्या टॉवरची लिफ्ट निघाली, आणि काटा एका झटक्यात नऊवर जाऊन झोपला. काकू अजून कान देऊन बसल्या होत्या.